साहेबांच्या नावाची घागर

३ एप्रिल
दुपारी दुकानात झापड लागली. पाच एचपीची मोटार समोर उघडी, हातात तांब्याची तार तशीच. साहेब आले. वर्दी नाही, बनियन आणि खांद्यावर दुपट्टा. स्टुलावर बसले.
"किती वेढे झाले बे पऱ्हाद?"
"मोजून राह्यलो साहेब."
"मोज. मी बसतो."
जाग आली तर स्टुलावर नुसतं ऊन. मोजणी चुकली होती. सगळी तार सोडून पहिल्यापासून वेढे टाकले.
चारच्या सुमारास साहेबांच्या गावच्या हेडमास्तरांचा फोन. शाळेच्या फाटकाशी साहेबांचं स्मारक होतंय. काळा दगड, त्यावर फोटो, खाली त्यांचे अखेरचे शब्द. "तुमी एकटेच होते नं वायरलेसच्या सेटवर? कॅप्टन साहेब शेवटी काय म्हनले, तेवढं एक वाक्य द्या. दगडवाला आखाजीच्या आंधी मागून राह्यला."
अक्षय तृतीयेला अजून सोळा दिवस. विचार करून सांगतो म्हणालो. जसा काही अकरा वर्षं दुसराच विचार करत होतो.

४ एप्रिल
सुनंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "देऊन टाका नं काईतरी चांगलं. देशाचं."
"देशाचं काही म्हटलं नव्हतं त्यांनी."
"मंग काय म्हनले?"
मी पाणी पिऊन उठलो. लग्नाला अठरा वर्षं झाली, त्यातली अकरा हा प्रश्न आला की मी पाणी पिऊन उठतो. ती आता तांब्या आधीच भरून ठेवते.

६ एप्रिल
मास्तरांनी व्हॉट्सअ‍ॅपवर स्वतःच तीन वाक्यं बनवून पाठवली. दोन हिंदीत. एकात तिरंगा, एकात आईचं दूध, तिसऱ्यात दोन्ही. खाली 'यापैकी कोणते?' लग्नपत्रिकेचं डिझाईन विचारावं तसं.
सा. (साहेब) असते तर पोट धरून हसले असते. "हे मी कवा म्हनलो बे?"
पलटणीत बुलढाणा जिल्ह्याचे आम्ही दोघंच. ते कॅप्टन, वय सत्तावीस. मी नाईक, रेडिओ ऑपरेटर, त्यांच्यापेक्षा तीन वर्षांनी मोठा. पहिल्या दिवशी मी कडक हिंदीत रिपोर्ट दिला. त्यांनी विचारलं, कोणतं गाव? देऊळघाट म्हणालो. "मंग अशी पॉलिश करून काऊन बोलतो? तोंड दुखत नाही का?" ते लोणारजवळचे. त्या दिवसापासून सेटवर आमची वऱ्हाडी सुरू. पलीकडून कोणी ऐकत असेल तर ऐको बापडा. कर्नल साहेबांनी एकदा मला झापलं, ही कोणती कोड आहे? मी म्हणालो, बुलढाणा कोड, सर. त्यांनी हसू दाबलं आणि चालू द्या म्हणाले.
ते हसणं मला पुढे फार महागात पडलं.

७ एप्रिल
ऊन. दोन मोटारी जळून आल्या. तिसऱ्या प्रहरी शटर अर्धं ओढून आडवा झालो. स्वप्नात नुसता सेटचा खरखराट, आणि त्या खरखरीच्या आत कुठेतरी खोल पाणी पडतंय.

९ एप्रिल
हे कधीच लिहिलं नाही. आज लिहितो.
पहाट. नऊ जणांची गस्त वर, सा. त्यांच्यात. मी खालच्या ठाण्यावर, सेटपाशी. नाल्याच्या तोंडाशी वरून गोळीबार आला. एका जवानाच्या पोटात लागली. सा. नी मशीनगन स्वतःकडे ओढली आणि बाकीच्यांना जखमीला घेऊन उतरायला सांगितलं. कोणी हलेना. तेव्हा म्हणाले म्हणे, "चार जण उचलतील, तीन जण वाट बघतील. आता मोजा, रिकामा कोण उरला?" ते स्वतः.
एका खडकाआड, एकटे, तासाभराच्या वर. खाली उतरणाऱ्या माणसांवर एक गोळी येऊ दिली नाही. मी मधूनमधून विचारायचो, साहेब? एकच शब्द यायचा, अजून आहे एवढं सांगणारा. "आहो."
सगळे सुखरूप खाली आले. तो पोटात लागलेला जवान जगला. दर दिवाळीला फोन करतो, बोलता बोलता रडतो, मग मुलांच्या शाळेचं सांगतो.
मग वरचं फायरिंग थांबलं. पलीकडचे पडले होते, उरलेले पळाले. धुकं उतरलं. सा. म्हणाले, "पऱ्हाद, आले का सगळे?" आले म्हणालो. "पक्कं मोजले?" मोजले म्हणालो. तेव्हा कुठे म्हणाले, "मले मांडीत लागली हाय बे. मघाच. सांगतलं असतं तं पोट्टे परत फिरले असते."
मघाच म्हणजे पहिल्या पाच मिनिटांत. तासभर त्या पायावर 'आहो, आहो' म्हणत होते.
पुढचं आज लिहवत नाही.

१० एप्रिल
कर्नल साहेबांनी स्ट्रेचर देऊन माणसं वर धाडली. मला हुकूम: त्यांच्या सेटची बॅटरी उतरलेली आहे, दहा मिनिटांनी एकदाच बोला, फक्त ठिकाण विचारा. साधा, स्वच्छ हुकूम.
पण सा. म्हणाले, "बोल माह्यासंग. झोप येऊन राह्यली."
मी बोलत राहिलो. झोपले तर उठणार नाहीत, एवढंच डोक्यात. आपल्या बोलीत बोलत होतो म्हणून शेजारी बसलेल्यालाही कळलं नाही की हा ठिकाण विचारत नाहीये, गावच्या गप्पा मारतोय. त्यांना वाटलं, यांची ती कोड चालू आहे. हिंदीत बोललो असतो तर दुसऱ्या वाक्याला कोणीतरी माझ्या हातातून सेट काढून घेतला असता.
चाळीस मिनिटं. लोणारचा बाजार, शाळेतली मारकुटी बाई, आंब्याचं कोणतं झाड गोड. तेही बोलले, मीही. शेवटाकडे म्हणाले, "माय उठली असन आता. सडा टाकत असन." मग थोड्या वेळानं, "धारेचा आवाज येऊन राह्यला बे. तुले येते का आयकू?" लोणारच्या सरोवराच्या काठावरची ती धार, बारमाही पडते. "एक घोट पाज नं धारेचं."
मी म्हणालो, "हाव साहेब, येते आयकू. आनतो."
मग सेट बंद. त्यांचा जीव नाही, सेट.
स्ट्रेचरवाले धुक्यात डोंगराच्या खांद्यापर्यंत पोचले होते. हाका मारत होते सेटवर, साहेब, कोणत्या बाजूला, एक गोळी हवेत झाडा. उत्तर नाही. ते उजवीकडे शोधत गेले. साहेब डावीकडे होते. सापडेपर्यंत दोन तास.
डॉक्टर म्हणाले, तासभर आधी मिळाले असते तर... मग माझ्याकडे बघितलं आणि हात धुवायला निघून गेले.
घरी पत्र गेलं: लढता लढता जागीच वीरमरण. कर्नल साहेबांनी दयेनं लिहिलं होतं. सा. ची माय अकरा वर्षं त्या 'जागीच'वर जगते आहे. "डोयाची पापनी लवाच्या आत गेला माहा लेक," येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते.
आणि दर आखाजीला मला जेवू घालते.

१२ एप्रिल
मास्तरांचा पुन्हा फोन. दगड पॉलिश होऊन आला. मी म्हणालो आखाजीला येतोय, तेव्हा बोलू. "आखाजीपर्यंत थांबाचं म्हनजे..." म्हणत राहिले. भला माणूस आहे. शाळेच्या पोरांसाठी करतोय. मला त्याचा राग येतो आणि रागाची लाज वाटते.

१४ एप्रिल
साहेबांच्या मायचा फोन. "पऱ्हाद, औंदा एक दिस आंधी ये. अन पानी आनशीन नं?"
आणतो म्हणालो. दरसाल धारेचं पाणी कॅनमध्ये भरून नेतो, घागरीत ओततो. तिला वाटतं मी देवभोळा आहे.
पहिल्या साली सा. चे थोरले भाऊ, दिलीपभाऊ, यांनी विचारलं होतं, साहेबांच्या नावानं पितर म्हणून पाटावर कोणाला बसवायचं? माय म्हणाली, जो शेवटी संग होता त्याले. तेव्हापासून मी. नोकरीत होतो तेव्हा रजा काढून आलो. एका साली रजा मिळाली नाही, तर पाट रिकामा ठेवून ताट वाढलं होतं म्हणे.
त्या घरची रीत: पाटावर बसल्यापासून हात धुवेपर्यंत मी पऱ्हाद नाही, मी विनू, साहेबांचं घरातलं नाव. पितरानं बोलायचं नाही, फक्त जेवायचं. माय समोर बसून बोलते. बैल विकला विनू. दिलीपच्या पोरीचं लग्न जमलं विनू. मी मान खाली घालून पुरणपोळी मोडतो.
दहा वेळा त्यांच्या नावानं जेवलो. घास उतरतो, हेच नवल.

१६ एप्रिल
स्वप्नात सा. डोंगरावरून हाक मारतात आणि मी खाली मोटारीचे वेढे मोजतोय. ऐकू येतं, पण मोजणी चुकेल म्हणून मान वर करत नाही.
सुनंदा म्हणाली, झोपेत आकडे मोजत होते. आज मी पाणी पिऊन उठलो नाही. तिला सगळं सांगितलं. भाकरी करपली. तिनं ती तव्यावरून काढून बाजूला ठेवली, मग म्हणाली, "मायले सांगा."
"ती मरेल ऐकून."
"अन तुमी? तुमी काय जगून राह्यले का?"

१८ एप्रिल
लोणार. बसनं उतरलो तेव्हा ऊन कलतं. धारेवर बायांची गर्दी, उद्या आखाजी. नवीन घागरी रांगेत. माझा नंबर आला, कॅन धारेखाली धरला. खाली सरोवर हिरवट, धुरकट, भोवतीचं रान वाळलेलं. मोर ओरडला. कॅन भरून वाहायला लागला तरी मी धरूनच. मागची बाई म्हणाली, "भाऊ, भरला नं तो." तिथे उभं राहिलं की मला नेहमी वाटतं, आवाज पाण्याचा नाही, सेट अजून चालू आहे.
संध्याकाळी सा. च्या घरी. माय ओसरीत कुरडया निवडत होती. या साली ती आणखी वाळली आहे. "आला का बाप्पा," म्हणाली आणि माझ्या हातातला कॅन आधी घेतला, मग मला बस म्हणाली.

१९ एप्रिल, आखाजी
सकाळी घागर पुजली. माती लावलेल्या जागेवर ठेवली, धारेचं पाणी ओतलं, वर आंबा, गळ्यात पांढरं सूत. दिलीपभाऊंनी निखाऱ्यावर घास टाकला. मी पाटावर बसलो.
पुरणपोळी, रस, चिंचवणी, भजे, कुरडई. माय समोर. पाऊस कसा म्हणतात औंदा, हे सांगितलं. मग वाढता वाढता सहज म्हणाली,
"विनू, हे धारेचं पानी काऊन आनते रे पऱ्हाद दरसाली? म्या तं कधी सांगतलं नाही त्याले."
घास हातात. बोलायचं नसतं. पण प्रश्न पऱ्हादला नव्हताच.
"म्या मांगतलं होतं माय," मी म्हणालो. "वरून. सेटवर."
रसाची पळी थांबली. दिलीपभाऊ उठायला लागले, मायनं हातानंच खाली बसवलं.
"तू बोलला?"
"हाव."
"मंग पापनी लवाच्या आत..."
"नाही माय. चाळीस मिन्टं बोललो. पऱ्हादसंग."
"दुखलं का रे?"
"आंधी लय दुखलं. मंग झोप येऊन राह्यली होती."
"माही याद केली?"
"माय उठली असन म्हनलो. सडा टाकत असन म्हनलो."
ती रडली नाही. नुसती पुढे सरकली, अगदी ताटाजवळ. "मंग बोलाचा थांबला काऊन?"
इथे एक वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. 'पऱ्हादचा काही दोष नाही माय.' सोपं होतं. मी विनू होतो, पाटावर होतो, माझ्या तोंडून गेलं असतं आणि तिनं लेकाचं म्हणून ठेवूनही घेतलं असतं. पण मेलेल्या माणसाच्या तोंडून स्वतःची माफी काढून घ्यायची, एवढं नीच मला होता आलं नाही.
"हात धुतो माय," म्हणालो.
अंगणात हात धुतले. परत येऊन पाटावर नाही, खाली जमिनीवर बसलो. आणि पऱ्हाद म्हणून सगळं सांगितलं. हुकूम, बॅटरी, गप्पा, धुकं, उजवीकडे, डावीकडे, दोन तास. डॉक्टरांचं अर्धं वाक्यसुद्धा.
मायनं ऐकून घेतलं. माझं उष्टं ताट उचललं, आत गेली. भांड्यांचा आवाज येत राहिला. बाहेर आली नाही.
दिलीपभाऊ फाट्यापर्यंत सोडायला आले. बस आली तेव्हा म्हणाले, "अकरा वर्सं जेवला बे आमच्या घरी." चढलो. कॅन तिथेच राहिला.

२१ एप्रिल
दुकान उघडलं नाही. सुनंदानं विचारलं, आता हलकं वाटतं का? नाही म्हणालो. खोटं कशाला बोलू. एवढंच की आज भाकरीची चव कळली.

२२ एप्रिल
मास्तरांचा फोन, वैतागलेले. मायनं स्वतः जाऊन दगडवाल्याला सांगितलं, फोटो कोर, नाव कोर, खालची जागा रिकामी ठेव. "रिकामी जागा कशी दिसन हो दगडावर? पोरं विचारतीन."
दिलीपभाऊंना फोन केला. उचलला, हेच खूप. माय कोणाशी बोलत नाही. घागरीपाशी बसून असते.

२४ एप्रिल
पहाटे पावणेसहाला फोन वाजला. माय.
कसा आहे नाही, काही नाही. "पह्यले काय म्हनला थो? तुनं सेट उचलला तवा. एकदम पह्यले."
"म्हनले, पऱ्हाद, आले का सगळे."
"मंग?"
सांगितलं.
"मंग तू काय म्हनला?"
सांगितलं. पाच-सहा वाक्यं झाली असतील. मध्येच म्हणाली, "बस. उद्या." फोन बंद.
मी फोन हातात घेऊन उभा. बाहेर सुनंदा सडा टाकत होती.

२६ एप्रिल
रोज पावणेसहा. रोज थोडंच. काल मी दोन वाक्यं गाळून पुढे गेलो तर म्हणाली, "घाई नोको करू. मधात काय झालं?" मला वाटत होतं मला आठवत नाही. तिनं विचारलं की आठवतं. त्यांचा श्वास आठवला. मध्ये एकदा खोकले होते, तेही.
बॅटरीचं ती काढत नाही. मीही नाही.

३० एप्रिल
आज विचारलं, "हसला का बे एकदा तरी?"
हो. मारकुट्या बाईचं मी सांगितलं तेव्हा. म्हणाले, आमच्याही शाळेत एक होती, तिच्या छडीला मायनं घरी तूप लावून दिलं होतं, म्हणाली होती, बाई, मारा पन मऊ मारा. आणि हसले, दुखेपर्यंत.
पलीकडे माय हसली. अकरा वर्षांत ऐकलं नव्हतं ते हसणं. सा. सारखंच आहे, आधी नाकातून, मग उशिरानं तोंडातून. नंतर खूप वेळ काहीच आवाज नाही. मी म्हणालो, माय? ती म्हणाली, "आहो."


३ मे
दुपारी झापड. सा. स्टुलावर. नुसते वेढे बघत बसले. जागा झालो तर मोजणी बरोबर होती.

६ मे
आज तिथपर्यंत आलो. माय उठली असन आता, सडा टाकत असन.
सांगून थांबलो. तिच्या बाजूनं बादली ठेवल्याचा आवाज. मग म्हणाली, "उठली होती बे. सडाच टाकून राह्यली होती म्या. काई आयकू नाही आलं मले." थोडं थांबून, "बस. उद्या."
आता धार तेवढी राहिली. मग सेट बंद. उद्या नाही तर परवा तिथं पोचू. आजवर ती 'मग?' म्हणाली की माझ्यापाशी पुढचं वाक्य होतं. तिथं नसेल. ती काय म्हणेल, काही म्हणेल का, माहीत नाही. दगडावरची जागा अजून रिकामी आहे.
फोन मी संध्याकाळीच चार्जिंगला लावतो. बोलतानाही वायर काढत नाही. तरी सुनंदा पहाटे उठून एकदा बघून जाते, लाईट गेली नाही नं.